वार, बोर्डिंग आणि पाठीराखा

नेसरीचं नाव काढलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे खिंड येते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ते इथे, आणि त्यांचं स्मारक पाहायला आजही दुरून माणसं येतात. या प्रकरणात नेसरी हवी आहे ती मात्र वेगळ्या कारणासाठी. गडहिंग्लज तालुक्यातलं, चंदगडच्या बाजूचं हे बाजारपेठेचं गाव आसपासच्या खेड्यापाड्यांतल्या पोरांसाठी शिक्षणाचा पहिला मोठा थांबा आहे. गावात हायस्कूल आहे, तुकाराम कृष्णाजी कोलेकर यांच्या नावाचं कला व वाणिज्य महाविद्यालय आहे. पुढचा थांबा गडहिंग्लज आणि त्याच्याही पुढचा कोल्हापूर, म्हणजे नव्वदेक किलोमीटर.

या टापूत वस्ती तऱ्हेतऱ्हेची. मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, बौद्ध, चर्मकार, मातंग, बेरड. पूर्वेकडे सरकलं की घराघरांत कन्नड कानावर येते. पश्चिमेला आजरा-चंदगडच्या डोंगरात गवळी धनगरांचे वाडे आहेत, मोजक्या उंबऱ्यांचे, गावापासून तुटलेले. इथली पोरं पहिलीत जातात, सातवी-आठवीपर्यंत टिकतात, आणि मग एका ठरावीक ठिकाणी गळतात: शिकण्यासाठी घर सोडायची वेळ येते तिथे. मोठ्या गावात राहायचं कुठे, जेवायचं कुठे, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते, आणि एवढं करून शेवटी मिळणार काय? ज्या घरात आधी कुणी शिकलेलं नाही, त्या घरात या चारही प्रश्नांना उत्तर नसतं. शाळा काढली की मूल शिकतं ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं काम कुणीतरी पाठीशी उभं राहून करावं लागतं. हे काम कसं करायचं, याचे जगातले सुरुवातीचे आणि सर्वांत धाडसी प्रयोग ज्या मोजक्या शहरांत झाले, त्यांत कोल्हापूर आहे असं मला वाटतं.

आधी एक जुनी सोय आठवली पाहिजे. गरीब ब्राह्मणाचा मुलगा कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला शिकायला निघायचा, तेव्हा त्याच्या खिशात काही नसायचं, पण शहरात त्याच्यासाठी काहीतरी असायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे वार लावून तो जेवायचा. नाहीतर माधुकरी मागायचा. एखाद्याच्या ओसरीवर पथारी टाकायला जागा मिळायची. ज्या घरी वार असे त्या घरचा यजमान कुठल्यातरी कचेरीत कारकून असायचा, शाळेत मास्तर असायचा. ताटावर बसल्या बसल्या तो विचारायचा, परीक्षा कधी, पुस्तकं आहेत का, पुढे काय करणार. हे जेवण लाचारीचं होतं आणि त्याचे कढ अनेकांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेत, तरी त्या ताटाबरोबर शहराची ओळख, शिफारस आणि वाट दाखवणारा माणूस मिळत होता. नेसरीकडच्या मराठा, लिंगायत किंवा मुसलमान शेतकऱ्याच्या पोराला वार देणारं घर कोल्हापुरात जवळजवळ नव्हतंच, कारण त्याच्या जातीची शिकलेली, नोकरीतली माणसंच शहरात नव्हती. महाराच्या पोराची तर गोष्टच निराळी. त्याला ओसरीवर पाय ठेवायचीही मुभा नव्हती.

२ एप्रिल १८९४ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानचा कारभार हाती घेतला, तेव्हा या असमानतेचा हिशेब सरकारी दप्तरातच दिसत होता. दरबारातल्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. महाराजांनी आधी सर्वांसाठी म्हणून वसतिगृहाचा प्रयोग करून पाहिला, पण राजाराम कॉलेजच्या त्या वसतिगृहात प्रत्यक्षात राहिले ते बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच. सर्वांसाठी उघडलेलं दार ज्याला सवय आहे तोच ओलांडतो. बाकीचे बाहेरून बघतात आणि आपलं नसेल असं समजून परत फिरतात. हा अनुभव पुढे जगात अनेक ठिकाणी आला. शाहू महाराजांना तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आला आणि त्यांनी त्यावरून लगेच धडा घेतला.

भास्करराव जाधव, पांडुरंग चिमणाजी पाटील अशा मराठा समाजातल्या पहिल्यावहिल्या शिकलेल्या तरुणांशी महाराजांचं बोलणं होत असे. खेड्यातल्या मुलाचं नेमकं अडतं कुठे, हे अशा माणसांकडूनच कळणार होतं. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग उभं राहिलं. मुसलमानांसाठी अशी संस्था काढावी म्हणून महाराजांनी त्या समाजातल्या पुढाऱ्यांना बोलावलं, पण पुढाकार घ्यायला कुणी धजेना. मग महाराज स्वतःच अध्यक्ष झाले आणि १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी व मुस्लिम बोर्डिंग स्थापन झालं. त्यानंतर लिंगायतांचं, दैवज्ञांचं, नामदेव शिंप्यांचं, पांचाळांचं, गौड सारस्वतांचं, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं, कायस्थ प्रभूंचं, ढोर-चांभारांचं, नाभिकांचं अशी एकामागून एक वसतिगृहं निघाली. महाराजांनी कुठे जागा दिली, कुठे इमारत, कुठे वार्षिक अनुदान. बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलायचा होता. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. दसरा चौकातून आजही चालत गेलं तर यातल्या कितीतरी संस्थांच्या इमारती दिसतात.

बोर्डिंगात मिळत काय होतं? छप्पर आणि दोन वेळचं जेवण हे तर झालंच. पण त्याहून मोलाचा होता तिथला अधीक्षक, म्हणजे सुपरिंटेंडेंट, आणि वरच्या वर्गातली मुलं. खेड्यातून आलेल्या पोराच्या बोलीत, त्याच्या घरच्या रीतीभातीत वाढलेला, पण दोन पायऱ्या पुढे गेलेला माणूस त्याला तिथे रोज दिसत होता. इंग्रजीचा धडा अडला तर विचारायला कुणी होतं, आणि ताप आला तर कपाळावर हात ठेवायलाही. आपल्यातला एकजण मॅट्रिक झाला, दुसरा वकिलीला बसला, ही बातमी जेवणाच्या पंगतीत कळायची. ज्याच्या घराण्यात कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही, त्याच्यासाठी हे उदाहरण पुस्तकांपेक्षा मोठं असतं. शिवाय गावाकडे आई-बापांचा जीव थाऱ्यावर राहायचा. पोरगं परक्यांत पाठवलं नाही, आपल्यांतच ठेवलंय, एवढा दिलासा मिळाला की शेतीला हाताशी धरलेला मुलगाही ते सोडायला तयार व्हायचे.

तरीही जातवार वसतिगृहं काढणं बरोबर होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. माझं मत असं की त्या घडीला दुसरा मार्ग नव्हता, पण त्या मार्गाला भिंती होत्या, आणि त्या भिंतीवर आपटलेला एक मुलगा पुढे या सगळ्या चळवळीला नवं वळण देऊन गेला.

हा मुलगा कुंभोजच्या जैन कुटुंबातला, जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. कोल्हापुरात तो जैन बोर्डिंगात राहत होता आणि तिथले अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, स्वतः मोठे विद्वान आणि शिस्तीचे. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. त्याच्या उद्घाटनाला हा मुलगा हजर राहिला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ केल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही. त्याने आंघोळ करायला नकार दिला. विटाळ मानणं त्याच्या मनाला पटेना. प्रकरण वाढलं आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर.

भाऊरावांना बोर्डिंगने घडवलं आणि बोर्डिंगनेच बाहेर काढलं, या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात आहेत. म्हणून त्यांनी वसतिगृहाची कल्पना टाकून दिली नाही, तिच्यातली भिंत तेवढी पाडली. दुधगावला त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम सुरू केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजी तिथे आले. पोरांना खायला घालायला पैसा अपुरा पडे, तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने एकेक करून विकले, आणि शेवटी मंगळसूत्रही त्यात गेलं. लक्ष्मीबाई १९३० मध्ये वारल्या. या चळवळीच्या इतिहासात त्यांचं नाव तळटीपेत येतं, ते मथळ्यात यायला हवं. वसतिगृह चालवणं म्हणजे काय, तर संध्याकाळी चुलीपुढे उभं राहून उद्याच्या पिठाचा हिशेब मांडणं. ते रोजचं काम त्यांनी केलं.

पाठीराखा म्हणजे संस्थाच असते असं नाही. कधी एकच माणूस पुरतो. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसलेला एका शिक्षकाला दिसायचा. शिक्षक होते कृष्णाजी अर्जुन केळुसकर आणि मुलगा भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी विचारपूस केली, पुस्तकं दिली. मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा तेच त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ मध्ये हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला तो याच वाटेने. केळुसकरांनी काय काय केलं ते नीट पाहावं: मुलगा हेरला, त्याच्याशी बोलले, हातात पुस्तक दिलं, चारचौघांत त्याचा गौरव केला आणि जिथे दार होतं तिथे त्याला सोबत घेऊन गेले. नुसता सल्ला देऊन ते थांबले असते, तर शिष्यवृत्तीचा प्रश्न सुटला नसता. स्वतः बाबासाहेबांनीही हा धागा पुढे नेला. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या कामांत सोलापूरचं वसतिगृह होतं.

मूल शिकून बाहेर पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न शाहू महाराजांनी सुरुवातीपासून हिशेबात धरला होता. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या. बोर्डिंग निघून जेमतेम वर्ष झालं होतं. १९१२ मध्ये वरिष्ठ जागा ९५ झाल्या होत्या आणि त्यांत ब्राह्मण ३५ होते. अस्पृश्य समाजातल्या तरुणांना महाराजांनी तलाठी नेमलं, वकिलीच्या सनदा दिल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ मध्ये महार वतन आणि गावोगावच्या हजेरीची अपमानकारक पद्धत बंद केली. ज्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का होता, तिच्यातल्या माणसाला रोज चावडीवर जाऊन हजेरी लावावी लागत असे. ज्याचा बाप रोज अशा हजेरीला उभा राहतो, त्या पोराने शाळेत मान वर करून बसायचं कसं?

आणि मग गंगाराम कांबळे. राजवाड्याच्या पागेतला हा नोकर. पाण्याला शिवला म्हणून इतर नोकरांनी त्याला मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भांडवल देऊन चहाचं दुकान काढून दिलं. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः त्या दुकानापुढे गाडी थांबवू लागले आणि बरोबरच्या बड्या बड्या मंडळींनाही तो चहा प्यायला लावू लागले. भांडवल देणं सोपं होतं. भर रस्त्यावर, लोकांच्या देखत त्याच्या हातचा कप तोंडाला लावणं, हे खरं पाठबळ होतं. तरुण माणसाला कौशल्य शिकवलं आणि गिऱ्हाईक, मालक, घरमालक त्याला दारात उभा करेनात, तर ते कौशल्य वाया जातं. त्यासाठी प्रतिष्ठा असलेल्या माणसाने आपली प्रतिष्ठा थोडी खर्ची घालावी लागते.

पाठीराख्याची हीच गरज त्या सुमारास दूर अमेरिकेतही कुणालातरी जाणवत होती. तिथे १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचा एक कारकून होता. गरीब घरातली, बहुतेक परदेशातून आलेल्या कुटुंबांतली पोरं कठड्यात उभी राहताना पाहून त्याने चांगल्या स्थितीतल्या नागरिकांना साद घातली, प्रत्येकाने एकेका पोराचा थोरला भाऊ व्हावं. त्यातून निघालेली बिग ब्रदर्स ही चळवळ आज जगातली सर्वांत मोठी जोडीदार-मार्गदर्शक संस्था मानली जाते. तिच्या कामाची नीट मोजणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते १६ वयाची ९५९ मुलं घेऊन, निम्म्यांना मार्गदर्शक लगेच दिले आणि निम्म्यांना प्रतीक्षायादीत ठेवलं. दीड वर्षाने पाहिलं तर मार्गदर्शक मिळालेली मुलं अमली पदार्थांच्या वाटेला जाण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं, आणि शाळा बुडवणंही बरंच घटलं होतं. याच माहितीचा फेरअभ्यास २००२ मध्ये झाला आणि त्यातून निघालेली गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेने भिंतीवर लावावी अशी आहे. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांत मुलांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षाही खाली गेला. आधीच ज्याला अनेकांनी सोडलंय, त्याला आणखी एकाने सोडलं. एक दिवसाची शिबिरं, हारतुरे आणि करिअर मार्गदर्शनाची भाषणं यांचा हंगाम आपल्याकडे दर जूनमध्ये येतो. त्यात वाईट काही नाही, पण बोर्डिंगातला अधीक्षक पाच-पाच वर्षं त्याच मुलांसोबत राहत असे, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

आता पुन्हा गडहिंग्लजकडे वळू. सीमाभागातल्या या पट्ट्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा खोलवर रुजलेली होती. डॉ. बाबा आढावांचं महात्मा फुले समता प्रतिष्ठान, गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने आणि त्यांचे सहकारी यांनी हा विषय हाती घेतला आणि १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. त्या काळी या विषयावर उघड बोलायलाही धैर्य लागत होतं. परिषदेनंतर प्रश्न उरला तो देवदासींच्या मुलांचा. शाळेत नाव घालायला गेलं की पहिला रकाना वडिलांच्या नावाचा. तिथेच आई अडायची, मूल खाली मान घालायचं. मग शिक्षक, कार्यकर्ते, एखादा समजूतदार मुख्याध्यापक मध्ये पडून नाव लिहून घ्यायचे. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती हे याच मातीतले, बेरड समाजातले. चोरी कुठेही झाली की आधी बेरडाच्या पोराला धरायचं, ही रीत त्यांनी आपल्या ‘बेरड’ या आत्मकथनात मांडली आणि ‘उत्थान’ या संस्थेमार्फत बेरड आणि देवदासी कुटुंबांसाठी आयुष्यभर काम केलं. ते २०१७ मध्ये गेले. बाहेरून आलेला हितचिंतक कितीही चांगला असला, तरी आपल्यातलाच कुणी शिकून परत आला की पोरांच्या डोळ्यांत जी चमक येते तिची बरोबरी होत नाही.

आज अडचणीचं रूप बदललंय. ती कागदाच्या आकारात येते. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा, तर जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातली जन्माची नोंद, असं काहीतरी. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, ज्यांचा बिऱ्हाडाचा मुक्काम दर हंगामाला बदलायचा, त्यांनी १९६१ पूर्वीचा कागद आणायचा कुठून? धनगरवाड्यावरच्या, बेरड वस्तीतल्या हुशार पोराचा प्रवेश इथे अडतो. गुणांचा प्रश्न त्यात येतच नाही.

या नियमाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या एखाद्याला वैधता प्रमाणपत्र मिळालेलं असेल, तर पुढच्यांचं काम बरंच सोपं होतं. म्हणजे भाऊकीतला पहिला मुलगा किंवा मुलगी सगळ्यांचा रस्ता खोदते. तिच्या चुलत भावंडांना त्या रस्त्याने नुसतं चालायचं असतं. तहसील कचेरी, सेतू केंद्र, जुन्या शाळेचं दप्तर, वंशावळ, प्रतिज्ञापत्र, समितीपुढची सुनावणी, हे सगळं त्या पहिल्या मुलाने एकट्याने करायचं, की शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने, निवृत्त तलाठ्याने, गावातल्या वकिलाने त्याच्यासोबत जायचं? मला हेच आजचं सर्वांत निकडीचं पाठबळ वाटतं. आणि देवदासीच्या मुलाला वडिलांकडचं नातंच दाखवता येत नसेल, तर त्याच्यासोबत जाणाऱ्याने दुप्पट चिकाटी ठेवली पाहिजे.

योजना कमी नाहीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था शिष्यवृत्त्या आणि स्पर्धा परीक्षांचं प्रशिक्षण देतात. उलट अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली आणि पहिली ते आठवीच्या मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही त्याच वर्षी थांबली. मुस्लिम बोर्डिंगला जागा देणाऱ्या कोल्हापुरात ही बातमी जड मनानेच वाचली पाहिजे. ज्या योजना चालू आहेत त्याही महाडीबीटीच्या पोर्टलवर आहेत, आणि पोर्टलपर्यंत पोचायला मोबाइल, ओटीपी, आधारशी जोडलेलं खातं आणि वेळेवर सांगणारं माणूस लागतं. तारीख निघून गेल्यावर कळणं हा गरीब पोरांचा नेहमीचा अनुभव.

या पोकळीत नव्या पिढीचे काही तरुण उतरले आहेत. विदर्भातून उभ्या राहिलेल्या एकलव्य इंडिया फाउंडेशनची सुरुवात राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये केली. ते स्वतः बुलडाणा जिल्ह्यातले, भटक्या समाजातले, घराण्यातले पहिले पदवीधर. पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. खेड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या नामवंत संस्थांत आणि परदेशी विद्यापीठांत प्रवेश कसा मिळवायचा, अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बसायचं हे तिथे शिकवलं जातं, आणि शिकवणारे बहुतेक त्याच वाटेने गेलेले असतात. कोल्हापूरच्या बोर्डिंगांचं सूत्रच इथे नव्या काळात दिसतं: दोन पायऱ्या पुढे गेलेल्याने मागे वळून हात द्यायचा. फरक एवढाच की इथे जातीची भिंत नाही, आणि भाऊरावांना तेच हवं होतं.

बोर्डिंगांची ही जुनी चळवळ मुलींच्या बाबतीत मात्र तोकडी पडली. वसतिगृहं निघाली ती जवळपास सगळी मुलांसाठी. शाहू महाराजांनी विधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोय सोनतळीला केली, कृष्णाबाई केळवकरांना डॉक्टरकीसाठी शिष्यवृत्ती दिली, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या लेकीसाठी कोल्हापुरात बोर्डिंग नव्हतं. ते कर्ज आजही पुरतं फिटलेलं नाही. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो, पण एसटी धनगरवाड्यावर चढत नाही. तिथल्या मुलीला रस्त्यापर्यंत रानातून चालत यावं लागतं आणि पावसाळ्यात ओढे भरले की आठवडा आठवडा घरी बसावं लागतं. आठवी-नववीनंतर तिची शाळा सुटण्यामागे बुद्धी किंवा इच्छा कमी पडत नाही. नेसरी, आजरा, चंदगडसारख्या गावांत अशा पंधरा-वीस मुलींना जूनपासून दिवाळीपर्यंत राहता येईल असं घर, एक स्वयंपाकीण, आणि रोज संध्याकाळी येऊन बसणारी एक शिक्षिका किंवा निवृत्त मुख्याध्यापिका मिळाली, तर त्यांतल्या बहुतेकजणी दहावी गाठतील. खर्च मोठा नाही. गावातल्या दूध संस्था, पतसंस्था, तरुण मंडळं आणि मुंबईला स्थायिक झालेल्या गावकऱ्यांची मंडळं यांनी मनावर घेतलं, तर जागा आणि धान्य सहज निघेल. मुलींच्या दाखल्यांचं आणि पडताळणीचं काम मात्र नववीतच सुरू करावं, कारण बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची मुदत हातात घेऊन १९६१ चा कागद शोधायला निघालं, तर तेव्हा कुणाचीच सोबत पुरत नाही.